वाहत्या औषधाची पारख

प्रतिपिंड म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या घटकाला ओळखून त्यालाच चिकटणारे प्रथिन. अशी प्रथिने शरीराबाहेर, एकाच साच्याची आणि हव्या त्या लक्ष्यासाठी तयार करता येतात, हे जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रॅस्टुझुमॅब, रक्ताच्या कर्करोगावरचे रिटुक्सिमॅब, संधिवातावरचे अडॅलिमुमॅब ही सगळी ‘मॅब’ शेपटीची इंजेक्शने याच घराण्यातली. ही औषधे रसायने मिसळून होत नाहीत. ती जिवंत पेशींकडून करवून घ्यावी लागतात आणि गुणवत्तेचा सारा पेच तिथूनच सुरू होतो.

ॲस्पिरिनच्या रेणूत २१ अणू असतात. प्रतिपिंडाच्या रेणूत वीस हजारांच्या घरात. तेराशेहून अधिक अमिनो आम्लांच्या चार साखळ्या, त्यांच्या ठरावीक घड्या आणि दोन जड साखळ्यांवर लटकलेल्या शर्करेच्या छोट्या फांद्या असा त्याचा डोलारा असतो. अमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असल्याने तो सहसा चुकत नाही. शर्करेच्या फांद्यांचे मात्र तसे नाही. पेशीला त्या दिवशी काय खायला मिळाले, तिच्याभोवती आम्लता किती होती, कोणता धातू किती होता, यावर त्या ठरतात. त्यामुळे एकाच बाटलीतले सगळे रेणू तंतोतंत सारखे कधीच नसतात. बाटलीत एका रेणूच्या अनेक भावंडांचे मिश्रण असते आणि त्या मिश्रणाचे प्रमाण राखणे यालाच इथे गुणवत्ता म्हणतात.

पुण्याच्या धायरी-नऱ्हे भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवरून उतरलेला जॉब हातात घेऊन मायक्रोमीटरने मोजता येतो. माप सरकायला लागले की टूल झिजले, हे कारागिराला कळते आणि तो पुढचा जॉब बिघडण्याआधी टूल बदलतो. प्रतिपिंडाला लावायला असे गेज नाही. त्याची शर्करा तपासायची तर नमुना काढून शुद्ध करावा लागतो, फांद्या तोडून वेगळ्या कराव्या लागतात, त्यांना रंग जोडावा लागतो आणि मग त्या यंत्रातून सोडाव्या लागतात. उत्तर येईपर्यंत टाकीतल्या पेशी बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. अखंड गुणवत्ता-देखरेखीची सारी धडपड हे अंतर कमी करण्यासाठी आहे. औषध होत असतानाच ते कसे होते आहे हे कळावे, एवढीच अपेक्षा. ती पुरी करणे मात्र दिसते त्याहून पुष्कळ अवघड आहे.

पुण्याला प्रतिपिंडे नवी नाहीत. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट सुरू केली ती घोड्यांच्या रक्तद्रवातून प्रतिविषे काढण्यासाठी. त्याआधी पूनावालांच्या स्टड फार्मवरची निवृत्त घोडी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे याच कामासाठी जात. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे, त्याचे रक्त प्रतिपिंडांनी भरले की रक्तद्रव वेगळा करायचा आणि शेवटी त्याची ताकद प्राण्यांवर मोजायची, असा तो कारभार. त्या रक्तद्रवात हजारो प्रकारची प्रतिपिंडे असत, त्यांतली उपयोगाची थोडी. सिरमनेच पुढे अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सबरोबर रेबीजवरचे एकच मानवी प्रतिपिंड विकसित केले आणि ‘रॅबिशील्ड’ या नावाने बाजारात आणले. कुत्रा चावलेल्या रुग्णाला घोड्याचे रेबीज-प्रतिपिंड वजनाच्या दर किलोमागे ४० एकके द्यावे लागते, माणसाच्या रक्तातून काढलेले २० एकके, तर हे ३.३३ एकके पुरते. मात्रा इतकी उतरते, कारण बाटलीत भरताड नसते. पण भरताड नसले की चूक लपायलाही जागा उरत नाही. एकच रेणू असल्याने तो बिघडला की औषधच बिघडले.

आज या उद्योगाच्या खुणा शहराच्या चारी बाजूंना आहेत. हडपसर-मांजरीला सिरम, हिंजवडीला जेनोव्हा, मुळशीकडे ल्युपिनचा जैवऔषध विभाग आणि चाकणला एन्झीन बायोसायन्सेस. अल्केम लॅबोरेटरीज या मुंबईच्या औषध कंपनीची एन्झीन ही उपकंपनी. अखंड गुणवत्ता-देखरेख समजून घ्यायला तिचे उदाहरण सर्वांत सोयीचे, कारण तिने पेशीवाढीपासून शुद्धीकरणापर्यंतचे टप्पे एकमेकांना जोडून प्रतिपिंडाचा सलग वाहता प्रवाह करण्याची पद्धत उभारली आणि तिला ‘एन्झीनएक्स’ असे नाव दिले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होपवेल इथेही कंपनीने आपला कारखाना उभारला आहे. उत्पादनच थांबत नसेल तर तपासणीला थांबून कसे चालेल, हा प्रश्न अशा कारखान्यात पहिल्या दिवसापासून समोर असतो.

आधी नेहमीची, म्हणजे बॅचची पद्धत. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली पेशींची एक छोटी वायल वितळवतात. या पेशी बहुतेक वेळा चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ च्या सुमारास वेगळ्या केलेल्या वाणाच्या असतात. कारखान्यातली माणसे त्यांना ‘चो’ म्हणतात. लहान फ्लास्कमधून मोठ्या टाकीपर्यंत त्यांना टप्प्याटप्प्याने वाढवतात. शेवटच्या बायोरिॲक्टरमध्ये त्या साधारण दोन आठवडे राहतात, वरून दिला जाणारा खुराक खातात आणि प्रतिपिंड बाहेर सोडतात. मग हार्वेस्ट. द्रव गाळून ‘प्रोटीन ए’च्या स्तंभातून सोडला की प्रतिपिंड स्तंभाला चिकटते आणि बाकीचे वाहून जाते. चिकटलेले आम्लाने सोडवून घेतात आणि तासभर आम्लातच ठेवतात, म्हणजे आवरण असलेले विषाणू निकामी होतात. आणखी एक-दोन स्तंभ, सुमारे २० नॅनोमीटर छिद्रांची विषाणू-गाळणी, संहत करणे आणि भरणे. प्रत्येक टप्प्यानंतर नमुना क्यूसीकडे, म्हणजे गुणवत्ता-तपासणी विभागाकडे जातो आणि द्रव टाकीत वाट पाहत बसतो.

या वाट पाहण्याला आजवर सुरक्षिततेचे रूप होते. प्रत्यक्षात ते महाग अज्ञान होते. दहाव्या दिवशी घडलेली चूक विसाव्या दिवशी कळली, तर हातात दोनच गोष्टी उरतात: बॅच टाकून देणे किंवा डेव्हिएशनचा, म्हणजे प्रक्रिया ढळल्याचा, कागद भरून ती चूक निरुपद्रवी होती असे सिद्ध करत बसणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २००४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेने यावर बोट ठेवले. गुणवत्ता शेवटी तपासून मालात घालता येत नाही, ती प्रक्रियेतच बांधावी लागते आणि त्यासाठी प्रक्रिया चालू असताना मोजमाप हवे, असा तिचा आशय. यंत्र-उद्योगात हे कधीच रुजले होते. औषधउद्योगाला जाग यायला उशीर झाला, असेच म्हणावे लागते.

मोजायचे काय, हे ठरवणे मोजण्यापेक्षा कठीण. प्रतिपिंडाचे पाचपन्नास गुण मोजता येतात, पण रुग्णाच्या दृष्टीने त्यांतले थोडेच निर्णायक असतात. रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या, तर शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू शकते. हॅमस्टर-पेशींची स्वतःची प्रथिने आणि डीएनए उरले तर तेही अपायकारक. शर्करेच्या फांदीवर फ्युकोज ही साखर नसली, तर प्रतिपिंड मारक पेशींना अधिक जोराने बोलावते; म्हणजे या वाटेने काम करणाऱ्या कर्करोगावरच्या औषधात फ्युकोजविरहित रेणूंचा टक्का परिणामकारकतेशी थेट जोडलेला असतो. फांदीवर मॅनोज ही साखरच काय ती उरली, तर औषध रक्तातून लवकर बाहेर टाकले जाते.

फ्युकोजविरहित रेणूंचा टक्का घसरला तर काय होते, हे ट्रॅस्टुझुमॅबच्या मूळ औषधाच्या, हर्सेप्टिनच्या बाबतीत दिसले. सॅमसंग बायोएपिसचे शास्त्रज्ञ स्वतःचे जैवसदृश औषध, म्हणजे मूळ औषधाशी साम्य असलेली प्रत, बनवताना तुलनेसाठी बाजारातून हर्सेप्टिनचे लॉट विकत घेऊन तपासत होते. ऑगस्ट २०१८ ते डिसेंबर २०१९ अशी मुदतीची तारीख असलेल्या लॉटमध्ये त्यांना फ्युकोजविरहित रेणू कमी झालेले आणि मारक पेशींना बोलावण्याची ताकद उतरलेली आढळली. हे त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. नावाजलेली कंपनी, वर्षानुवर्षे मुरलेली प्रक्रिया, आणि तरीही रेणू हळूच सरकला. हे सरकणे जगाला कळले ते प्रतिस्पर्ध्याच्या प्रयोगशाळेतून.

टाकीच्या आत शर्करेची फांदी थेट पाहणारे डोळे अजून कोणाकडे नाहीत. पाहता येते ती पेशींची परिस्थिती. म्हणून देखरेखीचे शास्त्र बरेचसे अनुमानाचे शास्त्र आहे आणि अनुमानाच्या पाठीशी पेशींचा अभ्यास लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुग्धा गाडगीळ यांच्या गटाने यावर केलेले काम या दृष्टीने बोलके आहे. मँगेनीज हा धातू पेशीतल्या शर्करा जोडणाऱ्या विकराला लागतो, म्हणून तो खुराकात घालण्याची रीत आहे. पण माध्यमातले ग्लुकोज संपले किंवा अपुरे पडले, तर तेच मँगेनीज मॅनोजयुक्त फांद्यांचे प्रमाण वाढवते, असे या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवले. एरवी गुणकारी असलेला घटक पेशी उपाशी असताना उलटतो. याचा कारखान्यातला अर्थ सरळ आहे. टाकीतल्या ग्लुकोजचा आकडा हा फक्त पेशींच्या भुकेचा आकडा नाही. तो औषधाच्या गुणाचाही आकडा आहे. रात्रपाळीत चार तास ग्लुकोज तळाला गेले, तर त्याची खूण रेणूवर राहते.

ग्लुकोजवर नजर ठेवण्याचे उत्तम साधन भारतीय शोधातून आले आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात टिपलेला परिणाम सांगतो, की रेणूवर आदळून परतणाऱ्या प्रकाशाचा अगदी अल्प भाग रंग बदलून येतो आणि हा बदल त्या त्या रेणूचा असतो. बायोरिॲक्टरमध्ये बोटाएवढ्या जाडीचा प्रोब बुडवतात, त्यातून सहसा ७८५ नॅनोमीटरचा लेसर सोडतात आणि परतलेल्या प्रकाशाचा आलेख काही मिनिटांच्या अंतराने घेत राहतात. पाण्याचा रामन-संकेत क्षीण असतो, ही इथली मोठी सोय. नाहीतर नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असलेल्या टाकीत दुसरे काहीच दिसले नसते. एकाच आलेखातून ग्लुकोज, लॅक्टेट आणि काही प्रमाणात खुद्द प्रतिपिंडाचेही प्रमाण काढता येते. ग्लुकोज उतरले की नियंत्रक आपोआप खुराकाचा पंप चालवतो.

पण आलेखावर ‘ग्लुकोज’ असे लिहिलेले नसते. शेकडो शिखरे एकमेकांत मिसळलेली असतात. त्यांतून आकडा काढायला संगणकी प्रारूप लागते आणि ते शिकवायला आधी कितीतरी नमुने हाताने काढून प्रयोगशाळेत तपासावे लागतात. माध्यमाचा पुरवठादार बदलला, पेशींचा दुसरा वाण आला किंवा टाकी मोठी झाली, की प्रारूप चाचरते. लेसर घेणे सोपे, प्रारूप सांभाळणे जिकिरीचे. यंत्र विकत घेतले म्हणजे देखरेख आली, असे मानणारे कारखाने पहिल्या वर्षातच जमिनीवर येतात.

जिवंत पेशी मोजायचा उपाय अधिक सुटसुटीत आहे. अखंड आवरणाची पेशी विद्युतक्षेत्रात इवल्याशा संधारित्रासारखी वागते, मेलेल्या पेशीचे आवरण फाटल्याने ती तशी वागत नाही. म्हणून धारकता मोजणारा प्रोब जिवंत पेशींचे घनफळ सतत सांगत राहतो.

सर्वांत जुना सेन्सर म्हणजे पीएचचा काचेचा इलेक्ट्रोड. आणि सर्वाधिक फसवणारा बहुधा तोच. दिवसागणिक तो थोडा थोडा सरकतो, म्हणून ऑपरेटर रोज सिरिंजने नमुना काढून बाहेरच्या यंत्रावर पीएच पाहतो आणि फरक आढळला तर आतल्या सेन्सरला तो आकडा देतो. आता हा नमुना पाच-दहा मिनिटे उघडा राहिला, तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ऑपरेटर बरोबर असलेल्या सेन्सरला ‘दुरुस्त’ करतो. नियंत्रकाला वाटते पीएच चढला. तो अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि टाकीतला खरा पीएच उतरतो. पडद्यावरची रेघ मात्र सरळच. म्हणून मुरलेले लोक नमुना काढल्यापासून मोजेपर्यंतच्या वेळेलाही बंधन घालतात आणि एका सेन्सरचा आकडा दुसऱ्या दोघांशी ताडून पाहतात. चांगल्या गेलेल्या अनेक बॅचच्या आलेखांवरून एक पट्टा आखतात. चालू बॅचच्या सगळ्या रेघा एकत्रितपणे त्या पट्ट्यात आहेत का हे संगणक पाहतो. प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे मर्यादेत असूनही त्यांचे एकमेकींशी नाते बिघडलेले असू शकते, आणि ते बिघडणे हीच बहुधा पहिली सूचना असते.

सलग पद्धतीत हे सगळे अधिक निकडीचे होते. तिथे बायोरिॲक्टरमधून रोज टाकीभर किंवा त्याहून जास्त द्रव पोकळ धाग्यांच्या गाळणीतून बाहेर काढला जातो, पेशी आतच राहतात आणि तेवढेच ताजे माध्यम आत येते. पेशींची दाटी बॅचच्या कित्येक पट होते आणि महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ टाकी चालू राहते. छोट्या टाकीतून मोठ्या टाकीइतके उत्पादन निघते, म्हणून चाकणसारख्या ठिकाणी जागा आणि भांडवल दोन्ही वाचते. प्रतिपिंडही आत फार काळ रेंगाळत नसल्याने त्याची झीज कमी होते.

बाहेर पडणारा द्रव पुढच्या टप्प्याला थेट जोडलेला असतो. एकाच मोठ्या स्तंभाऐवजी तीन-चार छोटे स्तंभ पाळीपाळीने काम करतात. एक भरत असतो, दुसरा धुतला जात असतो, तिसऱ्यातून प्रतिपिंड सोडवले जात असते. भरणारा स्तंभ कधी बदलायचा, हे घड्याळाऐवजी प्रकाश सांगतो. प्रथिनातली ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतात. स्तंभाच्या आधी आणि नंतर असा प्रकाश मोजला, की प्रतिपिंड निसटू लागल्याचे त्याच क्षणी दिसते आणि व्हॉल्व्ह फिरतो. ‘प्रोटीन ए’ची भरण हा शुद्धीकरणातला सर्वांत महागडा माल, तिचा कण न् कण वापरला जाणे हा देखरेखीचा रोकडा फायदा. गुठळ्यांवर लक्ष ठेवायला प्रवाहातच अनेक कोनांतून विखुरलेला प्रकाश मोजतात. वस्तुमान वर्णपटमापकाने एकाच नमुन्यातून अनेक गुण एकदम काढण्याची पद्धतही आता रुळते आहे. ही यंत्रे खरे बोलतात का, हे पडताळायला अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१६ साली एक संदर्भ-प्रतिपिंडच उपलब्ध करून दिले आहे.

बिघाड दिसला तर वाहत्या प्रवाहात करायचे काय? इथे एक वेगळेच गणित लागते. प्रवाहात शिरलेला दोष आला तसा एका तुकड्यात पुढे जात नाही. टाक्या, नळ्या आणि स्तंभांतून जाताना तो पसरतो, पुढेमागे फाकतो. म्हणून कारखाना सुरू करण्याआधी निरुपद्रवी खूण-द्रव सोडून तो प्रत्येक टप्प्यातून किती वेळाने आणि किती पसरून बाहेर येतो हे मोजून ठेवतात. पुढे कधी पीएच दहा मिनिटे ढळला, तर तो माल शेवटच्या टोकाला किती वाजता पोहोचेल आणि किती वाजेपर्यंत येत राहील, हे त्यावरून काढता येते. तेवढ्या वेळापुरता व्हॉल्व्ह फिरवून द्रव कचऱ्याकडे वळवतात आणि बाकीचे उत्पादन वाचते. बॅच-पद्धतीत अख्खी टाकी गेली असती. मात्र सेन्सरने ते दहा मिनिटांचे ढळणे पकडलेच नाही, तर दोष गुपचूप पुढच्या मालात मिसळतो. सलग उत्पादन सेन्सरवर इतके विसंबलेले आहे.

लॉट कशाला म्हणायचे, हाही मग कायद्याचा प्रश्न होतो. बॅचला आरंभ आणि शेवट असतो, प्रवाहाला नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या ‘क्यू१३’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने लॉट हा वेळेवरून, निघालेल्या मालाच्या किंवा आत सोडलेल्या मालाच्या प्रमाणावरून ठरवायला मोकळीक दिली. दोषी माल वळवण्याचे नियम आधीच लिहून ठेवण्याची अटही त्यात आहे. भारतात जैवसदृश औषधांसाठी केंद्रीय औषध नियंत्रण संघटना आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१२ ची, २०१६ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत मूळ औषधाशी रेणूचे साम्य दाखवण्यावर भर आहे. त्यामुळे भारतीय कंपनीला देखरेख दुहेरी उपयोगी पडते: माल सारखा येत असल्याचा पुरावा आणि तो मूळ औषधासारखा असल्याचा पुरावा एकाच नोंदवहीतून निघतो. ही नोंदवही आता संगणकात असते आणि कोणता आकडा कोणी, कधी, का बदलला हे पुसता येणार नाही अशा रीतीने ठेवावे लागते.

काही गोष्टी मात्र कुठल्याच प्रोबच्या हाती लागत नाहीत. २००९ साली जेन्झाइमच्या बोस्टनमधल्या ऑलस्टन कारखान्यात ‘चो’ पेशींना व्हेसिव्हायरस २११७ या विषाणूची लागण झाली. तिथे प्रतिपिंडे नव्हे, तर दुर्मीळ आनुवंशिक आजारांवरची विकरे बनत. दिसले ते एवढेच, की पेशींची वाढ मंदावली. कारखाना बंद ठेवून धुवावा लागला आणि सेरेझाइम व फॅब्राझाइम या औषधांचा जगभर तुटवडा पडला. धारकतेचा प्रोब अशी मंदावलेली वाढ लवकर दाखवेल, पण कारण सांगणार नाही. त्यासाठी विषाणूच्या जनुकांचा शोध घेणारी चाचणीच करावी लागते. निर्जंतुकतेच्या पारंपरिक चाचणीला आजही १४ दिवस लागतात, कारण जंतू वाढून दिसावे लागतात. जलद चाचण्या येत आहेत, पण चाकणच्या प्रवाहातून आज सकाळी निघालेले प्रतिपिंड बहुतेक बाबतींत दुपारपर्यंत पारखून झाले, तरी ते रुग्णालयाकडे निघायला आणखी काही आठवडे जातात.